स्कॅनमध्ये स्टायलॉइड हाड लांब दिसलं, पण घसा त्यामुळेच दुखतोय का?

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं वय ४२ आहे. गेले १४ महिने घसा फक्त उजव्या बाजूला दुखतोय. गिळताना काटा अडकल्यासारखं टोचतं, मान उजवीकडे वळवली की कळ थेट कानात जाते. टॉन्सिल लहानपणीच काढलेले आहेत. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, दोन महिने अॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या, एंडोस्कोपी नॉर्मल आली आणि मग ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्लाही मिळाला. आता सीटी स्कॅनमध्ये उजवं स्टायलॉइड, म्हणजे कानाखालून घशाकडे उतरणारं काडीसारखं हाड, ४१ मिलिमीटर आणि डावं ३६ मिलिमीटर आलंय. रिपोर्टच्या शेवटी ‘ईगल सिंड्रोमची शक्यता’, म्हणजे हे हाड लांबल्यामुळे दुखत असावं, असं लिहिलंय. एक सर्जन म्हणतात, लगेच ऑपरेशन करून टाका. दुसरे म्हणतात, असं हाड पुष्कळांचं असतं, सोडून द्या. कुणाचं ऐकायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांनी नुसता रिपोर्ट पाहून मत दिलं असेल, तर ते अर्धवट आहे. हाड लांब आहे, एवढंच स्कॅन सांगतो. दुखणं त्या हाडाचंच आहे का, हे रुग्णाला समोर बसवून, तोंडात बोट घालून तपासल्याशिवाय ठरत नाही. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण कुणी टॉन्सिलची जागा बोटाने दाबून पाहिली असं त्यात कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

तुमचाच रिपोर्ट पाहा. डावं हाड ३६ मिलिमीटर आहे, म्हणजे तेही लांबच आहे, आणि डावी बाजू तर कधी दुखली नाही. साधारणपणे हे हाड २५ मिलिमीटरच्या आसपास असतं, ३० च्या पुढे गेलं की लांब धरतात. शंभरातल्या चारेक माणसांचं हाड असं लांब निघतं आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्रास होतो तो त्यांच्यातल्या दहात एकाला, किंवा त्याहूनही कमी जणांना. उलटंही घडतं. लांबी बेताची, पण टोक आतल्या बाजूला वळलेलं असेल, तर असं हाड चांगलंच छळतं. म्हणून मी रिपोर्टमध्ये मिलिमीटरच्या आधी हाडाची दिशा बघतो.

हे हाड नेमकं कुठे असतं ते समजलं की तुमच्या तक्रारींचा मेळ आपोआप लागेल. कानाच्या खाली, कवटीच्या तळातून ते निघतं आणि खाली, पुढे, थोडं आत असं उतरतं. जीभ, घसा आणि हायॉइड यांच्याकडे जाणारे तीन स्नायू त्याला चिकटलेले असतात. हायॉइड म्हणजे हनुवटीच्या खाली, स्वरयंत्राच्या वर असलेलं छोटं वळलेलं हाड. स्टायलॉइडच्या टोकापासून या हायॉइडपर्यंत एक अस्थिबंध जातो. काही जणांमध्ये तो हाडासारखा कडक होतो, आणि स्कॅनमध्ये स्टायलॉइडच लांबलेलं दिसतं. गिळताना आणि मान वळवताना हा सगळा भाग हलतो. टोक येतं ते टॉन्सिलच्या मागच्या बाजूला. तिथून नववी नस, ग्लॉसोफॅरिंजियल, जवळूनच जाते. घशाच्या त्या भागाची संवेदना हीच नस वाहून नेते आणि तिचीच एक फांदी मध्यकर्णात जाते. त्यामुळे दुखणं घशाचं असलं तरी माणूस कान धरून येतो, आणि कानाचा पडदा बघावा तर अगदी स्वच्छ. हाडाच्या आजूबाजूला मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात, त्यांच्याकडे मी पुढे येतो.

या आजाराला ज्यांचं नाव मिळालं ते वॉट ईगल, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घसातज्ज्ञ. १९३७ साली त्यांनी लांब स्टायलॉइडमुळे घसा दुखणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. पुढे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक टॉन्सिल काढल्यानंतर सुरू होणारा, घशात टोचणारा आणि कानात जाणारा. दुसरा धमनीवर दाब आल्याने मानेत, चेहऱ्यात किंवा डोक्यात दुखणारा. तुमचे टॉन्सिल काढलेले आहेत म्हणून तुम्ही पहिल्या प्रकारात बसता असं कुणी सांगेल. मी तेवढ्यावर भर देणार नाही. ऑपरेशन लहानपणी झालं आणि दुखणं चाळिशीत आलं, मधल्या काळात काहीच नाही. टॉन्सिल नसल्याचा एक उपयोग मात्र नक्की आहे, बोटाने तपासताना हाडाचं टोक सहज हाताला लागतं.

हाडाचा विचार करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एकाच बाजूचं, महिनोनमहिने न थांबणारं घशाचं दुखणं आणि त्याच बाजूचा कान दुखणं, पण कान तपासणीत निरोगी, अशी जोडी दिसली की टॉन्सिलची जागा, जिभेचं मूळ आणि स्वरयंत्राच्या बाजूची खाच या ठिकाणी कर्करोग नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नसतं. तुम्ही तंबाखू, सिगारेट, दारू यांपैकी काही घेत नसलात तरीही. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे या भागातले कर्करोग व्यसन नसलेल्या माणसांनाही होतात. घाबरवायचा हेतू नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण ‘लांब हाड सापडलं’ या समाधानात ही तपासणी राहून जाते, आणि ती राहू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमची एंडोस्कोपी नॉर्मल आली असं तुम्ही लिहिलंय. ती कुठली होती? अॅसिडिटीसाठी केलेली असेल तर ती बहुधा अन्ननलिका आणि जठराची. त्या तपासणीत दुर्बीण घशातून झपकन पुढे जाते. तिला घशाची तपासणी म्हणता येत नाही. घशासाठी नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून जिभेचं मूळ, घशाच्या बाजू आणि स्वरयंत्र सावकाश पाहावं लागतं, रुग्णाला जीभ बाहेर काढायला आणि गाल फुगवायला लावून. शिवाय जिभेच्या मुळावर बोट फिरवून पाहावं लागतं, कारण तिथली गाठ कधीकधी नजरेला दिसत नाही, बोटाला लागते. सीटी स्कॅनबद्दलही हेच विचारा. नुसतं हाड पाहण्यासाठी, कॉन्ट्रास्टचं औषध न देता केलेल्या स्कॅनमध्ये मऊ भागातली छोटी गाठ सुटू शकते. वजन उतरत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी कान-नाक-घसातज्ज्ञ गाठा.

ते निवळलं की मग पर्यायांचा विचार. पित्त घशाशी येण्याचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना असतो, जळजळ, खाकरणं, सकाळी घसा खरखरणं असा. घशात नुसता गोळा असल्यासारखं वाटतं त्यात दुखत नाही आणि जेवताना उलट बरं वाटतं. तुमचं दुखणं गिळताना वाढतं, म्हणून ते या दोन्हींत बसत नाही. जबड्याचा सांधा, अक्कलदाढ, थायरॉइडची सूज याही गोष्टी एकदा बघून घ्याव्यात. थायरॉइडच्या सुजेतही कळ कानापर्यंत जाते, पण मानेत खाली, ग्रंथीवर दाबलं की दुखतं आणि रक्तात ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला असतो. स्वरयंत्राच्या वरच्या नसेचं दुखणं असेल तर गळ्याच्या घाटीच्या वर, बाजूला एक बिंदू दाबला की तीच कळ उठते.

ज्याच्याशी ईगल सिंड्रोमची सगळ्यात जास्त गल्लत होते तो आजार म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया, त्याच नवव्या नसेचं स्वतंत्र दुखणं. इथे दुखण्याची तऱ्हा नीट आठवून सांगावी लागते. न्यूराल्जियामध्ये विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटं टिकते आणि निघून जाते. मधल्या वेळात माणूस बरा असतो. गिळणं, विशेषतः थंड पाणी, बोलणं, खोकणं, जांभई यांनी ती सुरू होते. काही जणांना या झटक्यात नाडी एकदम मंदावते आणि चक्कर येऊन ते पडतात. असं एकदा जरी झालं असेल तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तेव्हा हृदयाचा आलेखही काढावा लागतो. ईगलमध्ये दुखणं बहुतेक वेळा बोथट, सतत ठणकणारं असतं, त्यावर गिळताना किंवा मान वळवताना टोचणी वाढते. अर्थात लांब हाड नसेला डिवचत असेल तर झटकेही येतात, त्यामुळे रेघ नेहमी स्वच्छ ओढता येत नाही. न्यूराल्जियाचा संशय असेल तर एमआरआय हवा, मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबते आहे का किंवा तिथे गाठ आहे का हे पाहण्यासाठी. त्या आजारात स्टायलॉइड कापून उपयोग होत नाही.

आता बोटाची तपासणी. ती कशी होते ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला ती मागून घेता येईल. रुग्णाला खुर्चीत सरळ बसवतो, मान थोडी झुकलेली. आधी न दुखणारी बाजू. हातमोजा घातलेली तर्जनी दाढांच्या मागून टॉन्सिलच्या खोबणीत नेतो आणि बाहेरच्या-मागच्या दिशेने हलकेच दाबतो. उबळ येते, पण ती दुखण्याहून वेगळी असते, आणि रुग्णाला ती आधी न दुखणाऱ्या बाजूवर अनुभवायला मिळाली की पुढचं उत्तर खरं मिळतं. निरोगी माणसात तिथे मऊ लागतं. ईगलच्या रुग्णात बोटाखाली काडीसारखं कडक टोक लागतं, आणि ते दाबताक्षणी रुग्ण माझं मनगट धरतो. मी फक्त एकच विचारतो, रोजचं दुखणं हेच का? ‘दुखलं’ हे उत्तर पुरेसं नाही, घशात जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. ‘हेच ते, कानात गेलं बघा’ हे उत्तर हवं असतं. दोन्ही बाजूंना टोक लागलं आणि कुठेच ओळखीचं दुखणं उठलं नाही, तर रिपोर्टात ४१ असो की ५१, मी त्या हाडाकडे बोट दाखवत नाही. ही तपासणी घरी स्वतः करू नका. घसा खरचटतो, आणि चार दिवस दाबून दाबून सुजलेल्या जागेवरून डॉक्टरांनाही काही कळत नाही.

बोटाने ओळख पटली की दुसरी पायरी सुईची. ज्या बिंदूवर दुखणं उठलं तिथे भुलीचं औषध, लिग्नोकेन, साधारण १ मिलिलिटर देतात. धमनी जवळ असल्याने सुई टोचल्यावर आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात, मगच औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांनी पाणी गिळायला लावायचं, मान वळवायला लावायची. दुखणं स्पष्ट उतरलं आणि औषधाचा अंमल सरल्यावर परत आलं, तर निदानाला चांगलं बळ मिळतं. ज्या दिवशी दुखणं चालू आहे त्या दिवशीच ही चाचणी करून घ्या. दुखत नसलेल्या दिवशी सुई टोचून काही सिद्ध होत नाही. आणि ही चाचणी एकटी पुरेशी नाही, हेही सांगितलं पाहिजे. नववी नस बधिर झाली की न्यूराल्जियाचं दुखणंही थांबतं. म्हणून दुखण्याची तऱ्हा, बोट, सुई आणि स्कॅन ही चारही एकाच दिशेला जात असतील तेव्हाच मी निदान पक्कं धरतो.

स्कॅन तुमचा झालेलाच आहे, तो परत करायची बहुधा गरज नाही. काप बारीक असतील तर रेडिओलॉजिस्ट त्यातूनच त्रिमितीय चित्र काढून देऊ शकतात. त्यांना हाडाचा कोन, टोक टॉन्सिलच्या खोबणीच्या किती जवळ आहे, अस्थिबंध कुठवर कडक झालाय आणि धमन्यांशी नातं काय, हे लिहून द्यायला सांगा. मान वळवल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, क्षणभर बोलणं अडखळणं असं काही होत असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटी, मान सरळ आणि वळवलेली अशा दोन्ही स्थितींत करावा लागतो. लांब हाडाने धमनीवर दाब येणं दुर्मिळ आहे, पण धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. मानेत एका बाजूला अचानक तीव्र दुखून पापणी खाली आली, बाहुली लहान झाली, हातपाय लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि याच कारणासाठी, निदान होईपर्यंत कुणाकडूनही मान झटक्याने मोडून घेऊ नका.

उपचारात मी औषधांपासून सुरुवात करतो. धमनीचा त्रास नसेल तर घाई करण्यासारखं यात काही नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक, पण महिनोनमहिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडतात. नसेचं दुखणं शमवणारी औषधं, म्हणजे गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा रात्री अगदी कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन, ही हळूहळू वाढवत नेतात आणि परिणाम कळायला काही आठवडे लागतात. पुष्कळ लोक चार दिवसांत ‘झोप येते, उपयोग नाही’ म्हणून सोडतात, आणि मग औषधं निष्फळ ठरल्याची नोंद होते. झटक्यांचं दुखणं असेल तर कार्बामाझेपिन जास्त चालतं. ते देताना रक्तातलं सोडियम पाहावं लागतं. आशियाई वंशाच्या लोकांत एचएलए-बी १५०२ हा जनुकीय प्रकार असेल तर या औषधाने त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी ती चाचणी करावी. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळून त्याच बिंदूवर दिलेलं इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा आराम देतं. तेवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांना मी ऑपरेशन सुचवत नाही.

औषधांना पुरेसा वेळ देऊनही जेवण, झोप, काम यांवर परिणाम होत असेल आणि निदानाच्या चारही बाजू जुळत असतील, तर ऑपरेशन हा योग्य उपाय आहे आणि तो टाळत राहण्यातही अर्थ नाही. हाड दोन वाटांनी कापता येतं. तोंडातून, टॉन्सिलच्या खोबणीतून गेलं तर बाहेर व्रण राहत नाही आणि वेळ कमी लागतो. पण जागा अरुंद, दिसतं कमी, अवचित रक्तस्राव झाला तर आवरणं अवघड आणि मानेच्या खोल भागात जंतू जायची भीती. तुमच्या बाबतीत त्या जागेवर जुना व्रणही असेल. मानेवर बाहेरून छेद घेतला तर हाड आणि धमन्या समोर स्पष्ट दिसतात आणि हाड वरपर्यंत कापता येतं. त्याबदल्यात मानेवर व्रण राहतो, ओठाचा कोपरा खाली ओढणारी चेहऱ्याच्या नसेची बारीक फांदी दुखावून तो काही दिवस वाकडा राहू शकतो, आणि काहींना पुढे जेवताना पहिल्या घासाला जबड्याच्या कोनाशी जोराची कळ येते. टोक बोटाला सहज लागत असेल तर तोंडातून, हाड जाड असेल, धमनीला चिकटून असेल किंवा वरपर्यंत काढायचं असेल तर बाहेरून, असं मी ठरवतो. पण ज्या सर्जनचा ज्या वाटेवर हात बसलाय ती वाट त्यांच्या हातून जास्त सुरक्षित, म्हणून तुम्ही कोणत्या वाटेने आणि किती ऑपरेशनं केली आहेत, हे त्यांना सरळ विचारा. पूर्वी बोटाने दाबून हाड मोडून टाकायचे. ते कुणी सुचवलं तर नको म्हणा. तुटलेलं टोक आतच राहतं, दुखणं बऱ्याचदा तसंच राहतं आणि शेजारच्या नसा-धमन्यांना इजा होऊ शकते.

उजवीच बाजू करायची. ‘भूल देतोच आहोत तर डावंही काढून टाकू’ याला संमती देऊ नका. न दुखणाऱ्या हाडासाठी ही जोखीम घ्यायचं कारण नाही.

यशाबद्दल खरं ते सांगतो. नीट निवडलेल्या रुग्णांत ऑपरेशननंतर साधारण ८० टक्क्यांच्या आसपास लोकांना चांगला आराम पडतो. उरलेल्यांचं दुखणं कमी होतं किंवा तसंच राहतं. यातल्या काहींचं निदानच वेगळं असतं, तर काहींची नस इतका काळ डिवचली गेलेली असते की कारण काढून टाकल्यावरही ती सावरत नाही. पहिले आठ-दहा दिवस गिळताना आधीपेक्षा जास्त दुखेल, ते जखमेचं दुखणं आहे. टोचणी बहुतेकांची लवकर जाते, कानातली कळ मात्र रेंगाळते, कधी काही महिने. त्या काळात नसेची औषधं चालू ठेवून हळूहळू कमी करतात, एकदम बंद करत नाहीत. ताप, मानेत वाढती सूज, तोंड उघडता न येणं, तोंडातून ताजं रक्त येणं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याच दिवशी दाखवायचं. तीन महिन्यांनंतरही जुनंच दुखणं जसंच्या तसं असेल, तर ‘अजून थोडं हाड कापू’ म्हणण्याआधी पुन्हा पहिल्यापासून तपासणी व्हायला हवी: घशाची दुर्बीण, बोट, आणि तोवर झाला नसेल तर एमआरआय.